माझ्या आकाराचा खड्डा आणि त्याची अनामत रक्कम

परवा, १२ ऑगस्टला, जागेसाठी भरलेली अनामत रक्कम खात्यात परत आली. आता काम संपलं असं म्हणायला हरकत नाही, म्हणून लिहायला बसले. उघड्यावर, मातीत, माणसाच्या शरीराचे ठसे घेण्याचं हे काम ९ जानेवारीला सुरू झालं होतं. म्हणजे सात महिने. त्यात प्रत्यक्ष मातीत पडून राहण्याचा वेळ किती, तर चार माणसांचा मिळून ऐंशी मिनिटं. उरलेले दिवस अर्ज, नकाशे, वाळू, गोणपाट आणि वाट बघणं यांत गेले. असं काही करायचं कुणाच्या मनात असेल, तर हा हिशेब आधी कळलेला बरा.

मी शिल्पकार नाही. घरी बसून वीतभर उंचीची मातीकामं करते, भट्टीत टाकते, निम्मी तडकतात. जानेवारीत एका सार्वजनिक बागेमागच्या मोकळ्या जागेसाठी कलाकामं मागवल्याची सूचना वाचली. विषय होता शरीर आणि निसर्ग, मांडणी सहा आठवड्यांची, मुदत ३१ जानेवारी. तीनशे शब्दांचं टिपण, रेखाटन, साहित्याची यादी आणि अंदाजपत्रक एवढं पाठवायचं होतं.

टिपणाच्या पहिल्या खर्ड्यात मी ‘एकरूप’ हा शब्द चार वेळा आणि ‘नाळ’ दोन वेळा वापरला होता. माझी एक मैत्रीण रुग्णालयात परिचारिका आहे. तिनं तो वाचला आणि म्हणाली, “अगं, हे कुणीही लिहील. तू तिथं करणार काय आहेस?” मग लिहिलं: नऊ माणसं ओल्या मातीत उताणी झोपतील आणि उठून जातील. मागं राहिलेल्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साठेल. बाकी टिपण याच दोन वाक्यांच्या तपशिलाचं. निवड समितीला हेच आवडलं असावं. निदान ‘नाळ’ वाचावी लागली नाही याचं त्यांना बरं वाटलं असेल.

कल्पना माझी एकटीची नाही हे टिपणातच लिहून टाकलं होतं, आणि तसं लिहावंच. ॲना मेंदिएता या क्यूबन-अमेरिकन कलाकार बाईनं १९७३ ते १९८० या काळात आयोवा आणि मेक्सिकोमध्ये ‘सिलुएता’ ही मालिका केली. स्वतःच्या शरीराची आकृती तिनं चिखलात, गवतात, बर्फात, फुलांनी, बंदुकीच्या दारूनं उमटवली. बहुतेक आकृत्या जागेवरच विरून गेल्या. आज आपल्याला दिसतात ते फोटो आणि छोट्या चित्रफिती. ब्रिटिश कलाकार अँडी गोल्ड्सवर्दी पावसाचे पहिले थेंब पडू लागले की जमिनीवर आडवा होतो. सभोवतालची जमीन भिजली की उठतो आणि त्याच्या आकाराचा कोरडा डाग काही क्षण राहतो. रिचर्ड लाँग हा दुसरा ब्रिटिश कलाकार १९६७ साली एका कुरणात सरळ रेषेत पुन्हा पुन्हा चालला, गवत दबून पाऊलवाट दिसू लागली, तिचा फोटो म्हणजेच ते काम. तिघांचंही साहित्य जवळपास फुकट आणि वाहतूक जवळपास शून्य. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

२२ फेब्रुवारीला निवड झाल्याचं पत्र आलं. खाली बारीक अक्षरात ‘परवानग्यांच्या अधीन राहून’. मानधनाचा अर्धा भाग काम सुरू होताना मिळणार होता, उरलेला अर्धा जागा पूर्ववत करून दिल्यावर. हे ‘पूर्ववत’ मी तेव्हा नीट वाचलं नाही.

२ मार्चला जागा बघितली. तळ्याकडे उतरणारा हलका उतार, तीन मोठी झाडं, विरळ गवत. ६ मार्चला अर्ज दिला. तो एकाच खिडकीवर घेतात, पण आतून तीन टेबलांवर फिरतो: जागेचं, झाडांचं आणि आरोग्याचं. अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या प्रत्येक फेरीत पहिला प्रश्न तोच असतो.

अर्जाचा नमुना बांधकामासाठी केलेला होता. ‘कामाची उंची’ या रकान्यापाशी मी अडले. माझ्या कामाला उंचीच नव्हती, खोली होती. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “मॅडम, रकाना रिकामा चालत नाही.” मी ‘उणे’ लिहू लागले तर म्हणाल्या, संगणक उणे घेत नाही. शेवटी ‘शून्य’ लिहिलं. पुढच्या रकान्यात ‘कायम’ की ‘तात्पुरते’ यापैकी एक खोडायचं होतं. मी ‘कायम’ खोडलं. आतापर्यंत या कामाबद्दल मी जे काही लिहिलं होतं, त्यात ते सगळ्यांत नेमकं होतं.

मग ४१ दिवस थांबले. मधल्या काळात तिन्ही टेबलांकडून प्रश्न येत राहिले आणि, खरं सांगते, काम त्या प्रश्नांनीच घडवलं.

झाडांच्या टेबलानं विचारलं, किती खोल खणणार? मी बेफिकीरपणे अर्धा मीटर म्हटलं होतं. मला सांगण्यात आलं की झाडाची पाणी शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्येच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. वर माणसांची ये-जा वाढली की माती दबते, मुळांना हवा मिळत नाही, ते वेगळंच. झाडावरच काम करणारा इटालियन शिल्पकार जुझेप्पे पेनोने मला आठवला. १९६८ मध्ये त्यानं एका कोवळ्या खोडाला आपल्या हाताची धातूत ओतलेली प्रतिकृती बसवली. झाड वाढत राहिलं आणि त्या मुठीभोवती फुगत गेलं. मी न बघता खणले असते तर माझ्या कामाखालीही असंच काहीतरी झालं असतं, फक्त कुणाला दिसलं नसतं. मर्यादा ठरली १५ सेंटिमीटर, तीही घेराबाहेर. नऊ जागांच्या पाच झाल्या. आखणी करताना पाचव्या जागेवर जाडजूड मूळ वरच दिसलं, म्हणून चार.

आरोग्याच्या टेबलानं एकच प्रश्न विचारला: पाणी साचणार का? काम तेवढ्यासाठीच होतं, नाही कसं म्हणणार? डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंतचं चक्र उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पुरं होतं, त्यामुळे त्यांची अट रास्त होती. ७२ तासांच्या वर पाणी राहता कामा नये. मी दोन-तीन दिवस नुसती चिडले. मग पाझर चाचणी करायला शिकले. जागेवर वीतभर खड्डा खणायचा, पाणी भरायचं, जिरू द्यायचं, पुन्हा भरायचं आणि आता पातळी तासाला किती उतरते ते पट्टीनं मोजायचं. पहिल्यांदा भरलेलं पाणी कोरडी माती अधाशासारखं पिते, म्हणून ते मोजायचं नाही. तिथली जमीन बऱ्यापैकी पाणी पिणारी निघाली. उपाय ठरला तो असा: तळाला ५ सेंटिमीटर खडी, वर १० सेंटिमीटर मळलेली माती आणि प्रत्येक ठशाच्या सर्वांत खोल जागी सळईनं पाडलेली दोन-तीन भोकं. पाणी थांबणार, पण मुक्कामाला नाही.

जागेच्या टेबलाला धोक्यांचा तक्ता हवा होता. कुणाला काय इजा होऊ शकते, किती गंभीर, उपाय काय. ‘पाय अडखळणे’ पासून सुरुवात करून मी अकरा ओळी भरल्या. हा तक्ता भरताना खोटं आश्वासन देऊ नका. ‘धोका नाही’ लिहिलं की प्रश्न वाढतात. ‘धोका आहे, कडेला दोरी बांधू’ लिहिलं की कागद पुढे सरकतो. लायबिलिटी विमाही, म्हणजे कुणाला इजा झाली तर भरपाईसाठीचा, काढावा लागला, तो अंदाजपत्रकात धरला नव्हता. त्या दिवसांत समजूत काढायला मी ब्रिटिश शिल्पकार अँटनी गोर्मलीच्या ‘अनदर प्लेस’ची गोष्ट वाचत असे. त्याच्या स्वतःच्या शरीरावरून ओतलेले १०० लोखंडी पुतळे इंग्लंडात क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर २००५ पासून समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. ते कायम ठेवायला तिथल्या नगर परिषदेनं आधी नकार दिला होता, सुरक्षेचं कारण होतं. परवानगी मिळाली २००७ मध्ये. शंभर लोखंडी माणसं थांबली, मग माझे मातीचे खड्डे काय!

थांबण्याच्या या दिवसांत घरी चाचण्या केल्या. सगळ्यांत उपयोगी पडली ती बरणीची. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती मात्र दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ पाणी गढूळ ठेवते. थर मोजले की मातीत काय किती आहे ते कळतं. चिकणमाती जास्त झाली तर वाळताना आकसून भेगा पडतात, वाळू जास्त झाली तर ठसाच धरत नाही. बऱ्याच गोळ्यांनंतर एक भाग चिकणमाती, दीड भाग वाळू आणि बारीक कापलेला पेंढा हे प्रमाण जमलं. मळायला हात पुरत नाहीत, पायच लागतात. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घ्या. मातीत काच असतेच.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरच्या घरी फळ्यांच्या चौकटीत माती भरून मी पहिल्यांदा झोपले, आणि माझं रेखाटन खोटं ठरलं.

रेखाटनात मी माणसाची बाह्याकृती काढली होती: डोकं, खांदे, कंबर, पाय, सगळं एकसंध. खडूनं जमिनीवर काढतात तशी. उठून पाहिलं तर मातीत माणूस नव्हताच. सुटी सुटी बेटं होती. डोक्याच्या मागच्या बाजूची वाटी, खांद्यांची दोन पाती, कोपरांचे दोन ठिपके, बसायच्या जागेचा मोठा खळगा, पोटऱ्या, आणि सगळ्यांत खोल दोन टाचा. मान गायब. कंबरेच्या कमानीखाली मातीला काही कळलेलंच नाही. गुडघ्यांमागेही तसंच. मला वाटलं, माती घट्ट झाली. पाणी वाढवून पुन्हा झोपले. बेटं मोठी झाली, पण बेटंच.

मैत्रिणीला फोटो पाठवला. तिनं काही न लिहिता एक आकृती परत पाठवली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा, कुठं होतात ते दाखवणारी. डोक्याची मागची बाजू, खांद्याची पाती, कोपरं, माकडहाड, टाचा. तंतोतंत तेच. मग फोन करून म्हणाली, “आम्ही दर दोन तासांनी कूस का बदलतो, ते तुझ्या मातीत दिसतंय बघ.” माझ्या डोक्यात जमिनीवर विसावणं म्हणजे काहीतरी मऊ, आईच्या कुशीसारखं होतं. तिच्यासाठी तो शरीराच्या पाच-सात जागांवर अडकलेला भार होता, ज्याखाली रक्त पोचत नाही. त्या दिवशी मी रेखाटन फाडलं आणि कामाचं नाव ‘विसावा’ होतं ते बदलून ‘भार’ केलं. नाव बदलल्याचा वेगळा अर्ज द्यावा लागला. आवक क्रमांक नवा.

१६ एप्रिलला परवानगी मिळाली, चार अटींसह. खोली १५ सेंटिमीटरपर्यंत, पाणी ७२ तासांपर्यंत, झोपणाऱ्यांचा योग्य पोशाख, आणि मुदत संपताच जागा पूर्ववत. तिसऱ्या अटीवर मी जरा कुरकुरले, पण घट्ट सुती कपड्यांचा फायदाच झाला. कोपरांच्या ठशात कापडाची वीण इतकी स्वच्छ उमटली की लोक वाकून तीच बघत.

प्रत्यक्ष काम २४ एप्रिल ते ३ मे. प्रत्येक वाफा दोन मीटर बाय एक. दहा सेंटिमीटर थराच्या चार वाफ्यांना ओली माती भरली साधारण दीड टन. हा आकडा मी आधी काढलाच नव्हता. घनमीटर काढले होते, वजन नाही. एकूण खर्चाचे दहा भाग केले तर चार वाहतुकीत गेले, दोन विम्यात, आणि माती, वाळू, खडी मिळून फक्त एकात. राहिलेले तीन म्हणजे अवजारं-गोणपाट, फोटो, आणि शेवटी काढून टाकण्याचा खर्च. हा शेवटचा मी अंदाजपत्रकात लिहायलाच विसरले होते, तो खिशातून गेला. तुम्ही विसरू नका.

झोपणारे चौघे: मी, मैत्रीण, तिचे वडील आणि बागेतले माळीकाका. काकांना आम्ही विचारलं नव्हतं. तीन दिवस पाणी आणून देताना बघत होते, चौथ्या दिवशी म्हणाले, “ताई, माझं पण घ्या.” सगळ्यांकडून लेखी संमती घेतली, फोटोसाठी वेगळी.

प्रत्येकाला वीस मिनिटं दिली होती. माझ्या बाराव्या मिनिटाला दात वाजू लागले. भर दुपारी. स्तब्ध हवेपेक्षा पाणी अंगाची उष्णता सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून नेतं, हे वाचलेलं होतं. पाठीला कळणं वेगळं. शेजारी कुणीतरी घड्याळ घेऊन बसलेलंच हवं. वयस्कर माणसाला मी पुन्हा वीस मिनिटं झोपवणार नाही, दहा पुरतात. ठसा पहिल्या दोन मिनिटांतच पडतो, उरलेला वेळ मी उगाच, भावनेपोटी ठरवला होता.

उठणं हे झोपण्याहून अवघड. ओली माती अंग धरून ठेवते आणि झटक्यात उठलं की ठशाची कड सोबत येते. माझा पहिला ठसा असाच गेला, खांद्याची पाती अख्खीच्या अख्खी पाठीला चिकटून वर आली. मग युक्ती सापडली: बाजूनं बांबूची चपटी कामटी हळूच सरकवायची, आत हवा शिरली की पकड सुटते. आधी हात मोकळे, मग डोकं, मग दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून वर. रात्री ओलं गोणपाट घालून ठेवायचं, नाहीतर सकाळी भेगा. तरीही एका रात्री कुत्रं येऊन मैत्रिणीच्या ठशाच्या पोटातून चालत गेलं. जिथं तिचं शरीर टेकलंच नव्हतं त्या सपाट पट्ट्यावर चार पावलं. ती आम्ही बुजवली नाहीत.

५ मेला मांडणी खुली झाली. पहिले दहा दिवस पाऊस नाही, लोक येत, दोरीपलीकडून बघत, ‘हे काय आहे?’ विचारत आणि जात. मला वाईट वाटलं हे लपवत नाही. शेजारच्या कामापुढे फोटोसाठी रांग असायची. अकराव्या दिवशी पहाटे पाऊस झाला. मी धावत गेले, तर काका आधीच तिथं उभे. टाचा भरलेल्या, डोक्याची वाटी भरलेली, मोठ्या खळग्यात ढग. मधल्या कोरड्या भागांमुळे बेटांची तळी झाली होती. काका स्वतःच्या ठशाकडे बघत म्हणाले, “एक टाच जास्त भरलीय.” त्यांचा एक पाय आखूड आहे आणि ते त्या बाजूला भार टाकून झोपतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मैत्रिणीला फोटोत लगेच दिसलं होतं म्हणे.

रोज सकाळी पाणी मोजून वहीत लिहायचं, ७२ तासांनी उरलं असेल तर मगानं उपसायचं, असा सहा आठवडे दिनक्रम. उपसावं लागलं दोनदाच, दोन्ही वेळा भोकं गाळानं बुजल्यामुळे. ही वही पुढे फार उपयोगी पडली, आरोग्याच्या टेबलानं तपासणीत तीच मागितली. दोरी असूनही लोक आत झोपत. एका ठशात सकाळी दोन वेगवेगळ्या आकारांच्या टाचा सापडल्या. चौथ्या आठवड्यानंतर ते ठसे नक्की कुणाचे, हे आमचं आम्हालाच सांगता येईना. रोज एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून फोटो काढत गेले. ते काढले नसते तर आज दाखवायला काहीही नसतं.

१६ जूनला मुदत संपली. दोन दिवसांत माती फोडली, पेंढा वेगळा केला, खडी गोळा केली, खणलेली मूळ माती भरून गवताचं बी टाकलं. मूळ माती पोत्यांत भरून, नावं घालून बाजूला ठेवली होती, तसं करा. फोडलेली थोडी चिकणमाती काकांच्या सांगण्यावरून तिथंच मिसळली, पाणी धरेल म्हणून.

२ जुलैला स्थळपाहणी झाली. अधिकारी म्हणाले, गवत नीट आलेलं नाही, नंतर या. ३० जुलैला पुन्हा गेलो. गवत आलं होतं. जरा जास्तच. भुसभुशीत, पाणी धरणाऱ्या मातीत ते शेजारच्यापेक्षा बोटभर उंच आणि गडद हिरवं झालं होतं, आणि उतारावरून बघितलं की चार लांबट हिरवे पट्टे शेजारी शेजारी पडलेले दिसत होते. बुजलेल्या जुन्या खंदकांवर पीक असंच जोमानं वाढतं आणि पुरातत्त्ववाले विमानातून ते ओळखतात, हे मी त्यांना उत्साहानं सांगून बसले. नको होतं सांगायला.

अधिकाऱ्यांनी कागदावर लिहिलं: ‘जागा पूर्ववत नाही. मनुष्याकृती अद्याप दिसते.’

या शेऱ्याची प्रत मी मागून घेतली आहे, चौकट करून लावणार आहे. काकांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या उतारावर एकसारखं गवत कापलं. ५ ऑगस्टला तिसरी पाहणी झाली, सही झाली, आठवड्यानं अनामत परत आली. त्या रात्री पाऊस होता. काकांचा सकाळी फोन, गवत पुन्हा वर आलंय म्हणाले, तिथंच.